रेषा आम्लाची, आभाळ शाईचे

चित्र केवढे, तर शाळेच्या वहीचे पान आडवे धरावे एवढे. उंची २१ सेंटिमीटर, रुंदी २८. रंग एकच, काळा. पण रेम्ब्रांटच्या ‘तीन झाडे’ या १६४३ सालच्या चित्रात झाडांच्याही आधी नजरेत भरते ती हवा. डाव्या कोपऱ्यात पट्टी लावून ओढाव्यात तशा ताठ, तिरप्या रेघांनी सर कोसळते आहे. ढग एकमेकांत गुरफटत वर चढले आहेत. उजवीकडच्या उंचवट्यावर तीन झाडे दाटीवाटीने उभी आहेत आणि त्यांच्या पाठीमागचे आभाळ लख्ख उजळले आहे. क्षितिजावर अ‍ॅम्स्टरडॅम शहर बारीक किनारीसारखे दिसते.

डोळे सरावले की माणसे सापडू लागतात. डावीकडे पाण्याकाठी मासे धरणारा पुरुष आणि त्याच्या शेजारी बसलेली बाई. उजव्या टोकाला, उंचावर, एवढ्या नाट्याकडे पाठ फिरवून भलतीकडेच बघत चित्र काढत बसलेला चित्रकार. आणि अगदी खाली, झुडपाच्या काळोखात, एक प्रेमी जोडपे. ते पहिल्या नजरेत कुणालाच दिसत नाही. भिंग घेऊन बसणाऱ्याला मात्र हे चित्र तासभर पुरते.

या सगळ्यात कुंचल्याचा एकही फटकारा नाही. बहुतेक रेषा आम्लाने तांब्यात खाल्लेल्या आहेत, काही टोकदार सुईने आणि पोलादी टाकीने थेट तांब्यावर ओढलेल्या आहेत. त्या रेषांत शाई भरून, ओल्या कागदावर दाबून हे चित्र उमटवले आहे. याला एचिंग म्हणतात. मराठीत अम्लरेखन असा शब्द आहे, पण कलाशाळेत सगळे एचिंगच म्हणतात.

छापील चित्र म्हटले की आपल्याकडे आधी राजा रविवर्म्याचा छापखाना आठवतो. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या त्या छापखान्याने घराघरांत लक्ष्मी-सरस्वती पोहोचवल्या. तिथे आधी तैलचित्र होते आणि छापील प्रत ही त्याची नक्कल होती. त्यामुळे छापील म्हणजे दुय्यम, असा समज आपल्या मनात घट्ट बसला. एचिंगला हा हिशेब लागू पडत नाही. ‘तीन झाडे’ या चित्राचे मूळ तैलचित्र कुठेच नाही. तांब्याचा पत्रा हे साधन आहे, आणि त्यावरून कलावंताने काढलेला प्रत्येक ठसा हेच मूळ चित्र. एकाच चित्राची अनेक मुळे असू शकतात, ही कल्पना एकदा पचली की या कलेचे दार उघडते.

आम्लाने धातू खाऊ देण्याची ही युक्ती चित्रकारांची नव्हेच. ती चिलखते आणि तलवारी सजवणाऱ्या कारागिरांची. जर्मनीत आउग्सबुर्गच्या डानिएल होप्फर याने साधारण १५०० च्या सुमारास ती लोखंडी पत्र्यावर आणून कागदावर ठसे काढायला सुरुवात केली. तिथल्याच ड्यूरर या चित्रकाराने १५१५ ते १५१८ या काळात लोखंडावर मोजून सहा एचिंग केली आणि नाद सोडला; त्यातले शेवटचे मात्र निसर्गदृश्याच्या मांडणीतले, तोफ आणि तिच्यामागे पसरलेला मुलूख असे आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १५२० च्या आसपास, आल्टडॉर्फर या जर्मन चित्रकाराने निसर्गदृश्यांची नऊ एचिंग केली. त्यांत ना संत, ना राजा, ना कथा. फक्त देवदार, डोंगर, वाड्या. युरोपात नुसता मुलूख हाच चित्राचा विषय होऊ शकतो हे ज्या मोजक्या कामांनी पहिल्यांदा दाखवले, त्यांत ही छोटी एचिंग येतात.

काम कसे चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे. तांब्याचा किंवा जस्ताचा पत्रा घासून आरशासारखा करतात, कडा तिरप्या तासतात आणि खडूच्या पुडीने त्याचा तेलकटपणा काढतात. मग पत्रा तापवून त्यावर मेण, राळ आणि डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर देतात. हा थर मेणबत्तीच्या धुरावर धरून काळा करण्याची जुनी रीत आहे, म्हणजे सुईने ओढलेली रेष तांब्याच्या रंगात चमकून उठते. सुईने फक्त थर खरवडायचा असतो, धातूला हात लावायचा नसतो. म्हणून एचिंगची रेष लेखणीसारखी मोकळी धावते. तांबे थेट कोरायचे तर मनगटाला जोर लावावा लागतो आणि रेष शिस्तीत चालते. इथे ती वाऱ्याने हललेल्या गवताइतकी सैल राहू शकते. निसर्गचित्रकारांना ही पद्धत इतकी का भावली, त्याचे अर्धे उत्तर या सैलपणात आहे.

उरलेले अर्धे उत्तर आम्लाच्या तबकात आहे. पत्र्याची पाठ वार्निशने झाकून तो नायट्रिक आम्लात सोडला की उघड्या रेषांवर बारीक बुडबुडे धरतात. जुने कारागीर ते पक्ष्याच्या पिसाने हळूच सारून टाकत, नाहीतर रेष खडबडीत होते. आज बरेच जण त्याऐवजी फेरिक क्लोराइड वापरतात. इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या तांब्याच्या पाट्याही त्यानेच खोदतात. दूरच्या डोंगराच्या रेषांना थोडी मिनिटे पुरतात. मग पत्रा बाहेर काढायचा, धुवायचा, डोंगरावर वार्निश फिरवून त्या रेषा बंद करायच्या आणि पत्रा पुन्हा आम्लात. मधली शेते आणखी काही मिनिटे. पुन्हा बाहेर, पुन्हा वार्निश. समोरच्या झाडाचा बुंधा सगळ्यांत जास्त वेळ खातो, कारण त्याची रेष सगळ्यांत खोल आणि म्हणून सगळ्यांत काळी हवी. एचिंगमधले दूर आणि जवळ हे असे घड्याळावर ठरते.

मग शाई. घट्ट, तेलकट शाई बोळ्याने कोमट पत्र्यावर चोपायची, रेषांत दाबून भरायची आणि वरवरची पुसून काढायची. पुसायला खळीचे जाळीदार कापड लागते आणि शेवटचा हात तळहाताच्या कडेचा असतो. कागद आधी भिजवून, टीपकागदात दाबून ओलसर ठेवलेला असतो. कोरडा कागद रेषेच्या खाचेत शिरत नाही. पत्र्यावर कागद, कागदावर लोकरीची जाड कांबळी, आणि सगळे मिळून दोन लोखंडी रुळांमधून. ज्यांनी रसवंतीवरचा चरक पाहिला आहे त्यांना हे यंत्र वेगळे समजावून सांगायला नको. चाक फिरते, पत्रा पलीकडे निघतो, कांबळी उलटून टाकतात आणि कागद एका कोपऱ्याने धरून सावकाश उचलतात. खाचांतली शाई कागदावर किंचित उभी राहते, बोटाला जाणवेल इतकी. पत्र्याच्या कडेचा ठसाही कागदात खोल उमटतो.

चित्र मात्र उलटे उमटते. पत्र्यावर डावीकडे काढलेले घर कागदावर उजवीकडे जाते. रेम्ब्रांटने याची फारशी फिकीर केली नाही. त्याच्या अ‍ॅम्स्टरडॅमच्या देखाव्यात सारे शहर आरशात पाहावे तसे आहे.

तांब्याशी आपलेही नाते जुने आहे, आणि छपाईच्या इतिहासात ते एकदा ठळकपणे दिसते. नाना फडणवीसांच्या काळात पुण्यात तांब्याच्या पत्र्यांवर भगवद्गीता कोरून छापण्याचा घाट घातला गेला. नानांच्या मृत्यूनंतर ते काम मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयाने पुरे झाले आणि १८०५ मध्ये गीता छापून निघाली. त्याच सुमाराचा दुसरा धागा निसर्गचित्राचा आहे. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी पुण्याच्या गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट या कलावंताने वेरूळची रेखाटने केली. पुण्यातच काम करणाऱ्या जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९१-९२ मध्ये मुंबई बेट आणि आसपासची बारा दृश्ये काढली, ती एचिंगच्या रूपात लोकांपुढे आली. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याच्या वेरूळच्या चित्रांवरून टॉमस डॅनियलने १८०३ मध्ये लंडनमध्ये छापील संच काढला. सह्याद्रीचे कातळ तांब्यावर चढले ते असे. गंगाराम तांबटाचे नाव आपल्याकडे याहून कितीतरी अधिक घेतले जायला हवे होते.

पण या कथेचा खरा गाभा पुसण्यात आहे.

रेषांबाहेरची शाई सगळी पुसली तर कागद पांढरा स्वच्छ येतो. थोडी मागे ठेवली तर एक पातळ, करडी साय उमटते. बारा ठसे काढताना ही साय बारा वेळा वेगळी ठेवता येते. म्हणजे रेषा कायम असतात आणि हवामान दर वेळी बदलता येते. हे पहिल्यांदा ज्यांच्या लक्षात आले त्यांत हॉलंडचा हर्क्युलीस सेगर्स फार पुढे होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जन्मलेल्या या माणसाने ओसाड खडकांच्या दऱ्या एचिंगमध्ये आणल्या आणि एकच पत्रा कधी निळ्या शाईत, कधी रंगवलेल्या कागदावर, कधी चक्क कापडावर छापला, वर हाताने रंग चढवला. त्याच्या चौपन्न पत्र्यांचे ठसे आज माहीत आहेत. त्याच्या मृत्यूनंतर काही दशकांनी एका डच लेखकाने लिहून ठेवले की हयातीत या ठशांना गिऱ्हाईक नव्हते आणि लोक त्यांत लोणी बांधून नेत. यात अतिशयोक्ती असेलही, पण रेम्ब्रांटला या माणसाची किंमत कळली होती. सेगर्सची आठ चित्रे त्याच्या संग्रहात होती. सेगर्सचा एक वापरलेला पत्राही त्याच्या हाती आला, तेव्हा त्यातली माणसे घासून त्याने नवी माणसे घातली आणि मागचे रान जवळजवळ तसेच राहू दिले.

रेम्ब्रांटने जन्मात सुमारे तीनशे एचिंग केली. त्यांत निसर्गदृश्ये पंचविसेक, बहुतेक १६४० नंतरच्या बारा-तेरा वर्षांतली. एक आख्यायिका अशी की मित्राच्या घरी जेवायला बसल्यावर मोहरीची चटणी संपल्याचे लक्षात आले, नोकर गावात पळाला आणि तो परत येईपर्यंत रेम्ब्रांटने समोरचा पूल पत्र्यावर उतरवला. ‘सिक्सचा पूल’ या १६४५ च्या एचिंगच्या भरधाव रेषा पाहिल्या की गोष्ट खरी नसली तरी कुणाला का सुचली ते कळते. पुढे त्याने ड्रायपॉइंटचा वापर वाढवला. यात आम्ल नाही. सुईने तांबेच ओरखडायचे. ओरखड्याच्या कडेला धातूची बारीक धार उभी राहते, तिच्यात शाई अडकते आणि रेष मखमलीसारखी मऊ, दाट येते. पण रुळाखाली ती धार लवकर दबते. चांगले ठसे थोडेच निघतात. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून आलेला जपानी कागदही रेम्ब्रांट वापरू लागला. किंचित पिवळसर असल्याने त्या कागदावर संध्याकाळ आपोआप उतरते.

दोन शतकांनी व्हिसलर या अमेरिकी चित्रकाराने हीच साय व्हेनिसच्या पाण्यावर पसरली. समीक्षक रस्किनवर भरलेला अब्रूनुकसानीचा खटला त्याने १८७८ मध्ये जिंकला, भरपाई म्हणून जेमतेम एक फार्दिंग मिळाला आणि खर्चापायी त्याचे दिवाळे निघाले. लंडनच्या फाइन आर्ट सोसायटीने त्याला बारा एचिंग करण्यासाठी व्हेनिसला धाडले. सप्टेंबर १८७९ मध्ये तीन महिन्यांसाठी गेलेला माणूस चौदा महिने राहिला आणि सुमारे पन्नास पत्रे घेऊन परतला. त्यांतल्या ‘नॉक्टर्न’ या ठशात प्रत्यक्ष रेषा थोड्याच आहेत: एक जहाज, दूरचा किनारा, चार दिवे. बाकी सगळी रात्र पुसण्यातून आली आहे. दोन ठसे शेजारी ठेवले तर एकात तिन्हीसांज वाटते, दुसऱ्यात मध्यरात्र.

त्याच व्हेनिसमध्ये तरुण अमेरिकी चित्रकारांचा एक कंपू होता आणि त्यांतल्या ओटो बॅकरकडे एचिंगचे यंत्र होते. व्हिसलरही ते वापरी. संध्याकाळी ही मंडळी गमतीखातर कोऱ्या पत्र्यावर शाईने चित्र काढून लगेच छापत आणि त्याला ‘बॅकरटाइप’ म्हणत. रेषा नाही, आम्ल नाही, खाच नाही. गुळगुळीत पत्र्यावर शाई, तिच्यावर ओला कागद, दाब, आणि चित्र कागदावर. पत्र्यावर काहीच शिल्लक उरत नाही, म्हणून ठसा एकच. हेच मोनोटाइप. छापखान्यात हयात घालवलेल्यांना मोनोटाइप म्हटले की खिळे पाडणारे यंत्र आठवेल. त्याचा आणि याचा नावापुरताच संबंध. पद्धतही तेव्हा नवी नव्हती. रेम्ब्रांट ‘तीन झाडे’ करत होता त्याच दशकात इटलीत जेनोआच्या कास्तिल्योने याने असे ठसे काढले होते. मग ती जवळपास विस्मरणात गेली.

एचिंग आणि मोनोटाइप यांच्या बरोबर मधोमध एक माणूस उभा आहे, त्याचे नाव फारसे कुणी घेत नाही: ल्युदोविक लेपिक. देगा या फ्रेंच चित्रकाराच्या प्रसिद्ध चित्रात दोन मुली आणि कुत्र्यासह पॅरिसच्या चौकातून लगबगीने जाणारा टोपीवाला गृहस्थ तो हाच. लेपिकने शेल्ड नदीकाठचा एक लांबट देखावा पत्र्यावर कोरला आणि त्या एकाच पत्र्याचे, आपल्या सांगण्याप्रमाणे, ८५ वेगवेगळे ठसे काढले. एकात चंद्र उगवतो, एकात बर्फ पडतो, एकात पाऊस, एकात नदीकाठच्या गिरणीला आग लागलेली. खाचेतल्या रेषा सगळीकडे त्याच. बदलली ती फक्त वर ठेवलेली, बोळ्याने फिरवलेली, चिंधीने उचललेली शाई. ८५ ठशांत निम्मे काम आम्लाचे आणि निम्मे त्या दिवशीच्या हाताचे होते. रेषा काढून टाकल्या असत्या तर मोनोटाइपच उरले असते.

देगाने ते पाऊल टाकले, आणि लेपिकच्याच सोबतीने: त्याच्या सर्वांत आधीच्या मोनोटाइपवर, नृत्यशिक्षकाच्या चित्रावर, दोघांच्या सह्या आहेत. पुढे त्याने तीनशेहून अधिक मोनोटाइप केले. बहुतेक नर्तकी, गायिका, न्हाणाऱ्या बायका. उघड्यावर चित्रफळी मांडून निसर्ग रंगवणाऱ्यांची तर तो टर उडवी. असा माणूस १८९० च्या ऑक्टोबरात शिल्पकार मित्र बार्तोलोमे याच्याबरोबर पांढऱ्या घोड्याच्या हलक्या गाडीतून पॅरिसहून बर्गंडीकडे निघाला. मुक्काम दर मुक्काम, खात-पीत, शरद ऋतूतली शेते बघत ते दिएने या खेड्यात जानियो या चित्रकार स्नेह्याच्या घरी पोहोचले. घरात छपाईचे यंत्र होते. देगाने पत्रा मागितला, रंग मागितले, चिंध्या मागितल्या आणि कामाला लागला.

जानियोने पुढे त्या दिवसांची आठवण लिहून ठेवली. समोर काहीही नसताना देगा असे काम करी की जणू देखावा पुढ्यातच आहे. बोटांनी, चिंधीच्या बोळ्याने, कुंचल्याने पत्र्यावर हळूहळू दरी उमटे, आभाळ येई, पावसाच्या पाण्याने भरलेल्या चाकोऱ्या दिसू लागत, नारिंगी ढग तरंगत. ठसे निघत तसे दोरीवर वाळत पडत. काळी शाई सोडून त्याने या वेळी तैलरंग घेतले होते. गाडीतून मागे पडलेला मुलूख आठवणीत जसा विरघळतो, तसा तो पत्र्यावर उतरला: कुठे डोंगराची नुसती हिरवी फिकट घसरण, कुठे वाटेचा एक पट्टा, कुठे काय आहे ते सांगताच येऊ नये असा तपकिरी डाग. रुळांचा दाब रंगाला जिकडे पसरवेल तिकडे त्याने पसरू दिले. काही ठसे तसेच ठेवले, काहींवर पेस्टलचे हात दिले. दोनेक वर्षांत अशी पन्नासेक निसर्गदृश्ये झाली.

१८९२ मध्ये पॅरिसला द्युराँ-र्‍युएलच्या दालनात त्यांतली काही मांडली गेली. देगाचे हयातीतले हे पहिले स्वतंत्र प्रदर्शन, आणि त्यात एकही नर्तकी नाही. आलेव्ही या मित्राला त्याने सांगितले की आगगाडीच्या दाराशी उभा राहून अंधुकसे जे बघितले, त्यातून हे सुचले. त्याची दृष्टी तेव्हा बरीच अधू झाली होती. तरीही या चित्रांना अधू डोळ्यांचे काम म्हणणे चुकीचे ठरेल. इतका धाडसी निसर्ग तोवर फ्रान्समध्ये फार थोड्यांनी केला होता. अमूर्त चित्रकला येण्याआधी वीस वर्षे हा वृद्ध गृहस्थ तिच्या उंबऱ्याशी जाऊन उभा राहिला होता, आणि ते त्याला मोनोटाइपने करू दिले. सुईची रेष हातात असती तर त्याने झाड झाडासारखे काढले असते. निसरड्या पत्र्यावरच्या ओल्या रंगाने ती सोयच ठेवली नाही.

आज कुठल्याही कलादालनात अशा ठशांच्या खाली पेन्सिलीने लिहिलेले दिसते: ३/२५ आणि सही. पंचवीस ठशांतला हा तिसरा, एवढाच त्याचा अर्थ. पेन्सिलीच्या सहीची ही रीत व्हिसलर आणि त्याचा मेहुणा सेमूर हेडन यांच्या पिढीत रूढ झाली. हेडन पेशाने शल्यविशारद आणि वृत्तीने निसर्गाचा एचर. मोनोटाइपखाली १/१ असते. पुढच्या वेळी असा ठसा समोर आला तर आधी पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन शोधावा, मग किंचित बाजूला सरकून उजेडात शाईची उंची पाहावी, आणि जमल्यास त्याच पत्र्याचा दुसरा ठसा शेजारी मागून घ्यावा. हॉलंडच्या राइक्सम्युझियमने रेम्ब्रांट आणि सेगर्सचे ठसे इंटरनेटवर मोठ्या आकारात, विनामूल्य ठेवले आहेत; ‘तीन झाडे’मधले जोडपे तिथे नीट सापडते.

अ‍ॅम्स्टरडॅममध्ये रेम्ब्रांटने १६३९ मध्ये घेतलेले आणि दिवाळखोरीत गमावलेले घर आता संग्रहालय आहे. तिथे पाहुण्यांसमोर आजही पत्र्याला शाई चोपतात, पुसतात, चाक फिरवतात आणि ओला कागद एका कोपऱ्याने उचलून दाखवतात.